रडारवाल्याच्या छातीवरचा बॅज नेमकं काय मोजतो?

मोजपट्टी (धागाकर्ता)

सैन्य आणि रेडिएशन हे दोन शब्द शेजारी आले की गप्पा थेट अणुबाँबवर जातात. माझं म्हणणं असं की शांततेच्या काळात सैनिकाला जी मात्रा मिळते ती बहुतेक दुरुस्तीच्या टेबलावर मिळते. रडारचा ट्रान्समीटर उघडताना, तोफेची जुनी दुर्बीण खोलताना, जहाजाच्या वेल्डचा गॅमा फोटो काढताना. आणि या प्रत्येक ठिकाणी छातीवरचा टीएलडी बॅज (मिळालेली किरणांची मात्रा साठवून ठेवणारा बिल्ला) ताईत असल्यासारखा लावला जातो. बॅज काहीही अडवत नाही. ती नुसती हिशेबाची वही आहे, आणि त्या वहीत काही नोंदी होतच नाहीत.

तर जाणकारांना तीन प्रश्न:
रडारचा खरा धोका मायक्रोवेव्हचा की एक्स-रेचा?
बॅजला न दिसणारं काय काय असतं?
जे मोजलंच गेलं नाही, त्याचा हिशेब वीस-तीस वर्षांनी आजार झाल्यावर कसा लावतात?

एक विनंती, मोबाइल टॉवर इथे आणू नका.

आगाऊ_मुंगी

मोबाइल टॉवर! (कुणीतरी म्हणणारच होतं, म्हटलं आपणच उरकून घ्यावं.)

विद्युतलता

पहिला प्रश्न घेते. दोन्ही धोके आहेत, पण जागा वेगळ्या आहेत आणि गोंधळ तिथेच होतो.

अँटेनातून बाहेर पडते ती मायक्रोवेव्ह. ती अणूतून इलेक्ट्रॉन उडवू शकत नाही, ती तापवते. एक्स-रे तयार होतात ट्रान्समीटरच्या कपाटात, अँटेनापासून लांब. क्लायस्ट्रॉन (मायक्रोवेव्ह ताकदवान करणारी नळी), थायरेट्रॉन आणि मॉड्युलेटरच्या, म्हणजे त्या नळीला विजेचे ठोके देणाऱ्या भागाच्या, स्विच ट्यूब या सगळ्या निर्वात किंवा विरळ वायूच्या नळ्या. त्यांत इलेक्ट्रॉनांना हजारो व्होल्टने पळवायचं आणि शेवटी धातूवर आपटायचं. दवाखान्यातली एक्स-रे ट्यूब हेच करते. फरक इतकाच की तिथे एक्स-रे हवे असतात आणि इथे ते फुकटात मिळतात.

साधारण १५ किलोव्होल्टच्या खाली नळीची काच किंवा धातूच बहुतेक किरणं गिळून टाकते. त्याच्या वर मोजायला सुरुवात करायची. मोठ्या टेहळणी रडारच्या क्लायस्ट्रॉनवर शंभर किलोव्होल्टच्या वरचा दाब असतो, तिथे शिशाचं आवरण काढलेलं असलं तर खेळ संपला. १९६० साली न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्ट इथल्या अमेरिकी हवाई दलाच्या रडार केंद्रावर हेच झालं. आवरण नसलेल्या चालू क्लायस्ट्रॉनजवळ काम करणाऱ्या तंत्रज्ञांना एक्स-रेची जबर मात्रा बसली. अँटेनाचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

कोकणी_कंदील

म्हणजे चाचणी करताना अँटेना वेगळी करून डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडलेल्या, ऊर्जा गिळणाऱ्या खोट्या भारावर) चालवलं, तर सुरक्षित ना?

विद्युतलता

नाही. हाच गैरसमज सगळ्यात महागात पडतो. डमी लोडमुळे मायक्रोवेव्ह बाहेर जात नाही, एवढंच. नळीवरचा दाब तोच, इलेक्ट्रॉनांची शलाका तीच, एक्स-रे तेच. उलट क्लायस्ट्रॉनला आत सिग्नलच दिला नाही तर शलाकेतली सगळी ऊर्जा कलेक्टरवर (नळीच्या शेवटच्या धातूच्या टोकावर) जाऊन आपटते. पडद्यावर काही दिसत नाही म्हणून 'बंदच आहे' म्हणणारा माणूस नेमका कलेक्टरच्या बाजूला उभा असतो.

चांगली गोष्ट एकच. दाब काढला की त्याच क्षणी एक्स-रे संपतात, मागे काही उरत नाही. कपॅसिटरमध्ये मात्र वीज उरते. हात घालण्याआधी अर्थिंगची काठी लावायची. एक्स-रे मारायला वर्षं घेतो, कपॅसिटर तेवढा धीर धरत नाही.

सोल्डरदास

विद्युतलताताईंशी ९० टक्के सहमत. उरलेल्या १० साठी भांडतो.

'मायक्रोवेव्ह फक्त तापवते' हे 'फक्त' काढा. डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून तिथली उष्णता लवकर निघून जात नाही. उघड्या वेव्हगाइडच्या (मायक्रोवेव्ह वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीच्या) तोंडात 'काही अडकलंय का' म्हणून बघणारे महाभाग असतात. ट्रान्समीटर बंद करून, कुलूप लावून, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवल्याशिवाय वेव्हगाइडचा सांधा सोडायचा नाही. थांबलेली अँटेना फिरणाऱ्या अँटेनापेक्षा जास्त वाईट, कारण फिरताना झोत तुमच्यावरून क्षणभर जातो, थांबली तर तिथेच रोखलेला राहतो.

दुसरं म्हणजे इंटरलॉक. कपाटाचं दार उघडलं की दाब आपोआप जावा म्हणून दारात स्विच असतो. दुरुस्ती करणारा तो दाबून धरायला काडी खुपसतो, चिकटपट्टी लावतो. त्यात लष्करी यंत्रांत 'बॅटल शॉर्ट' नावाचा अधिकृत स्विचच असतो, लढाईत इंटरलॉकमुळे यंत्र बंद पडू नये म्हणून. लढाईसाठी ते योग्यच. पण वर्कशॉपमध्ये तो चालू ठेवून जेवायला जाणं म्हणजे विमा न उतरवता आग लावणं.

मोजपट्टी

मग मोजायचं कशाने? वर्कशॉपमध्ये सहसा जीएम काउंटरच (किरण आला की टिकटिकणारा गायगर मीटर) पडलेला असतो.

विद्युतलता

आणि तोच इथे फसवतो. रडारचे एक्स-रे ठोक्याठोक्याने येतात. समजा सेकंदाला ३०० स्पंदनं. प्रत्येक स्पंदन काही मायक्रोसेकंदांचं. जीएम नळी एकदा वाजली की थोडा वेळ बहिरी होते, तोवर स्पंदन संपलेलं असतं. म्हणजे त्या स्पंदनात एक फोटॉन आला काय किंवा एक लाख आले काय, ती एकच मोजणार. आकडा ३०० च्या वर जाणारच नाही. तो आकडा घेऊन तुम्ही कागदावर 'समाधानकारक' लिहून मोकळे.

म्हणून आयन चेंबर, तो ठोके मोजत नाही, किरणांनी हवेत तयार झालेला एकूण विद्युतभार मोजतो. त्यातही तपासायचं की काटा एक्स-रेने हलतोय की मायक्रोवेव्हने. चेंबर शिशाच्या पत्र्याने झाका. आकडा पडला तर एक्स-रे, जसाच्या तसा राहिला तर मायक्रोवेव्ह यंत्राच्या सर्किटमध्ये शिरली आहे.

मोजायचं कुठे, तर आवरणाचे सांधे, थंड हवेच्या नळाची भोकं, केबल जिथून आत जाते ती जागा, आणि बघायची काच. शिसं मऊ असतं, वर्षानुवर्षं उभ्या पत्र्यावर राहिलं की खाली ओघळतं आणि वरच्या कडेला फट पडते. झोत त्या फटीतून निघतो, सुतळीएवढा. मीटर भरभर फिरवला तर चुकतो.

हिशेबी_हत्ती

म्हणजे इथे बॅज जिंकला म्हणायचं. टीएलडी स्पंदनं मोजत नाही, साठवतो. त्याला ठोके असोत की धार, सारखंच.

आपल्याकडच्या बॅजची रचना सांगतो, म्हणजे तो काय बघतो ते कळेल. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तीन गोल चकत्या असतात, टेफ्लॉनमध्ये मिसळलेलं कॅल्शियम सल्फेट, त्यात डिस्प्रोशियमची चिमूट. किरणांची ऊर्जा त्यात अडकून राहते. प्रयोगशाळेत चकती तापवली की ती प्रकाशाच्या रूपात सुटते, तो प्रकाश मोजायचा. एका चकतीसमोर ॲल्युमिनियम-तांब्याची गाळणी, दुसरीसमोर प्लॅस्टिकची, तिसरी उघडी. कॅल्शियम सल्फेट कमी ऊर्जेच्या एक्स-रेला खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त प्रतिसाद देतं, म्हणून तिन्हींचं गुणोत्तर बघून किरण कुठल्या जातीचे ते ठरवतात आणि आकडा दुरुस्त करतात. बॅज उलटा लावला, किंवा कार्ड गाळणीच्या मागे नीट बसलं नाही, तर गुणोत्तरच बिघडतं.

पण तो फक्त छातीचा हिशेब देतो. डोकं कपाटात, हात नळीवर, छाती कपाटाबाहेर. सुतळीएवढा झोत भुवईवर पडत असेल तर बॅज कोराच. अशा कामाला बोटातली अंगठी-टीएलडी आणि कपाळाजवळ वेगळा बॅज लागतो.

आगाऊ_मुंगी

अंगठी, कपाळाला बॅज, गळ्यात पॉकेट डोसिमीटर. नवरदेव तयार.

हिशेबी_हत्ती

मुंगीबाई, नवरदेवाचा बॅज उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर नसतो, एवढा फरक. उष्णतेने आणि उजेडाने साठवलेली नोंद हळूहळू पुसट होते. ड्यूटी संपली की बॅज कंट्रोल बॅजशेजारी थंड, कोरड्या जागी. कंट्रोल बॅज म्हणजे कुणीच न लावलेला, त्याचं वाचन बाकीच्यांतून वजा करायचं. तो चुकून स्रोताच्या खोलीत ठेवला तर सगळ्यांची मात्रा कमी दिसते, आणि कमी दिसली की कुणी तक्रार करत नाही.

रानभुली

मर्यादेचे आकडे कुणीतरी लिहा ना.

हिशेबी_हत्ती

भारतात काम करणाऱ्यासाठी पाच वर्षांच्या गटात सरासरी वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (किरणमात्रेचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका वर्षाला ५० पर्यंत सूट आहे, आपण ३० ला थांबलो. सामान्य माणसाला १. हातापायांना ५००.

तांबडा_टंगस्टन

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही, मी वळतो. बॅजला न दिसणारे.

ट्रिशियम: तोफांच्या नेमदुर्बिणी, होकायंत्रं, रायफलच्या साइट यांत अंधारात चमकणाऱ्या बारीक काचेच्या नळ्या असतात. आत ट्रिशियम वायू, नळीच्या आतून फॉस्फर, म्हणजे किरण लागले की चमकणारा लेप. त्याचे बीटा कण इतके दुबळे की हवेत काही मिलिमीटरांत थांबतात. ते कातडी भेदत नाहीत, आणि बॅजच्या चकतीपर्यंतही पोचत नाहीत. नळी शाबूत असेल तर चिंता शून्य. फुटली तर ट्रिशियम पाण्याच्या वाफेच्या रूपात श्वासातून आणि कातडीतूनही आत जातो. बॅज कोरा, माणूस भरलेला. त्याची मोजणी लघवीतच.

म्हणून चमकणारी साइट अचानक काळी दिसली तर ती खिडक्या बंद असलेल्या खोलीत उघडायची नाही. तिथून बाहेर पडा, दारं-खिडक्या उघडा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबा. मग हातमोजे घालून वस्तू दुहेरी पिशवीत बांधा, हात धुवा. लघवीचा नमुना काही तासांनी, शरीरात पाणी सारखं मिसळल्यावर. शरीरातून निम्मा ट्रिशियम साधारण दहा दिवसांत जातो, भरपूर पाणी प्यायल्यास लवकर.

रेडियम: ट्रिशियमच्या आधीचा जमाना. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या तबकड्या. त्याचं अर्धायुष्य १,६०० वर्षं. त्यातलं झिंक सल्फाइड मात्र काही वर्षांत थकतं आणि चमक जाते. लोक म्हणतात 'आता चमकत नाही, म्हणजे मेलं'. दिवा विझलाय, चूल तशीच पेटलेली आहे. शिवाय त्यातून रेडॉन वायू निघतो, तबकड्या ठेवलेलं बंद कपाट उघडल्यावर आधी हवा जाऊ द्यावी. रंगाचे पापुद्रे ब्रशने झाडायचे नाहीत, फुंकर तर मुळीच नाही. ओल्या फडक्याने टिपायचे. पुण्याच्या जुन्या बाजारात जुनी वैमानिकी घड्याळं शोधणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

थोरियम: माझं नाव ज्यावरून घेतलं ते. टिग वेल्डिंगच्या (टंगस्टनच्या टोकाने ठिणगी पाडून करायच्या वेल्डिंगच्या) लाल टोपीच्या टंगस्टन रॉडमध्ये २ टक्के थोरियम ऑक्साइड असतं. वेल्डिंग करताना फारसं काही नाही. ग्राइंडरवर टोक काढताना जी धूळ उडते ती छातीत जाते, आणि अल्फा कणांना तिथे अडवायला कातडी नसते. उपाय सोपा. लॅन्थेनमचे रॉड घ्या (सोनेरी किंवा निळी टोपी), नाहीतर सीरियमचे (करडी). घ्यायचेच असतील लाल, तर वेगळं ग्राइंडर, धूळ ओढणारा पंखा, धूळ वेगळ्या डब्यात. जुन्या जेट इंजिनांच्या काही आवरणांतही मॅग्नेशियम-थोरियमचा मिश्रधातू असतो. त्यावर फाइल चालवण्याआधी मॅन्युअल बघा.

रासायनिक वायूचे डिटेक्टर: आत निकेल-६३ किंवा अमेरिशियम-२४१, दोन्ही किरणोत्सारी. हे सीलबंद असतात. ठरलेल्या मुदतीत बाहेरून फडक्याने पुसून ते फडकं मोजायचं, गळती कळते. अमेरिशियमचा घटक 'साफ करायला' म्हणून स्क्रू काढून उघडणाऱ्याला देव वाचवो.

सोल्डरदास

लाल टोपीबद्दल एक दुरुस्ती नाही, भर. ॲल्युमिनियमच्या एसी वेल्डिंगला थोरियमचा रॉड लागतच नाही. तरी स्टोअरमधून लालच येतो, कारण इंडेंटमध्ये (मागणीपत्रात) वर्षानुवर्षं तेच लिहिलेलं असतं.

खारा_वारा

नौदलाची बाजू कुणीच घेत नाही म्हणून.

वेल्डच्या रेडिओग्राफीला (गॅमा किरणांनी फोटो काढायला) इरिडियम-१९२ हा किरणोत्सारी स्रोत वापरतात. १ क्युरीपासून (स्रोताच्या ताकदीचं एकक) १ मीटरवर तासाला साधारण ४.८ मिलिसीव्हर्ट. २० क्युरी घेतला तर ९६. अंतराच्या वर्गाने हा आकडा घटतो. तासाला १० मायक्रोसीव्हर्टपर्यंत यायला जवळजवळ १०० मीटर लागतात. जहाजावर १०० मीटर मोकळे आणायचे कुठून? म्हणून टंगस्टनचा कॉलिमेटर, म्हणजे झोत फक्त फिल्मकडे.

लोक विसरतात ते वरचा आणि खालचा डेक. 'मध्ये पोलाद आहे' म्हणतात. इरिडियमला निम्मं करायला पोलाद जवळजवळ १३ मिलिमीटर लागतं. १० मिलिमीटरच्या पत्र्यातून निम्म्याहून जास्त पार जातं. कुणी जवळ येऊ नये म्हणून दोरी बांधायची ती चारही बाजूंनी आणि वर-खाली. शेजारच्या कंपार्टमेंटमध्ये झोपलेला माणूस रात्रपाळीचा असतो, त्याला उठवून बाहेर काढायचं काम कुणाच्या यादीत नसतं.

स्रोत ठेवायच्या जड पेटीला कॅमेरा म्हणतात, क्रँक फिरवून तो गाइड ट्यूबमधून बाहेर आणि परत आत न्यायचा. आणि स्रोत कॅमेऱ्यात परत आला असं क्रँकच्या फेऱ्यांवरून ठरवायचं नाही. मीटर हातात घेऊन आधी गाइड ट्यूबच्या टोकापासून कॅमेऱ्यापर्यंत चालत या. मधेच आकडा वाढला तर मागे फिरा, दोरी लांब न्या, रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला बोलवा. नळी 'हलवून बघू' नाही, जोडणी सोडणं नाही, आणि स्रोताला हात कधीच नाही.

कोकणी_कंदील

अणुपाणबुडीवर तर मग रोजच दिवाळी असेल.

खारा_वारा

उलट आहे. रिॲक्टर शिशा-पोलादात आणि पाण्यात नीट गुंडाळलेला असतो. शिवाय पाण्याखाली असताना आकाशातून येणारी वैश्विक किरणं पाणी अडवतं. खोल पाण्यातल्या खलाशाला कधीकधी घरी अंगणात बसलेल्या माणसापेक्षा कमी मात्रा मिळते. मात्रा मिळते ती बंदरात, दुरुस्तीला. व्हॉल्व्हच्या बैठकींना घासू नयेत म्हणून कोबाल्टचा कडक मिश्रधातू लावलेला असतो. त्याचे कण पाण्याबरोबर रिॲक्टरमधून फिरतात, किरणोत्सारी कोबाल्ट-६० होतात आणि पाइपच्या वळणांत साचतात. गॅमा तिथून. त्यामुळे नव्या रचनांत कोबाल्टच कमी वापरतात.

इंधन बदलणं हा सगळ्यात नाजूक क्षण. १० ऑगस्ट १९८५ ला व्लादिवोस्तोकजवळच्या चाझ्मा उपसागरात सोव्हिएत पाणबुडी के-४३१ चं झाकण क्रेनने उचलताना नियंत्रणदंडही वर आले. साखळी प्रक्रिया सुरू झाली, स्फोट झाला, १० माणसं जागीच गेली. लढाई नाही, शत्रू नाही. शांततेत मात्रा दुरुस्तीच्या वेळी मिळते, हे धागाकर्त्याचं म्हणणं तिथेही लागू पडतं.

रानभुली

अशा वेळी आयोडीनच्या गोळ्या देतात ना? रडारवाल्यांनाही द्याव्यात मग.

तांबडा_टंगस्टन

आयोडीनची गोळी किरणोत्सारी आयोडीनपासून थायरॉइड वाचवते, बस. एक्स-रे, ट्रिशियम, कोबाल्ट यांच्यापुढे ती म्हणजे पाऊस पडतोय म्हणून सनस्क्रीन लावणं.

हिशेबी_हत्ती

तिसरा प्रश्न. भरपाईचा.

जर्मनीत रडार-तंत्रज्ञांच्या तक्रारींवर नेमलेल्या आयोगाने २००३ साली अहवाल दिला. कळीचा मुद्दा असा की साधारण १९७५ पर्यंतच्या कामाची मोजमापंच धड नाहीत. मग मात्रा सिद्ध करा असं आजारी माणसाला सांगणं व्यर्थ. म्हणून त्या काळात त्या यंत्रांवर दुरुस्तीचं काम केलं असेल आणि किरणांनी होऊ शकणारा कर्करोग किंवा मोतीबिंदू झाला असेल, तर दावा मान्य करावा अशी शिफारस झाली. यंत्रांवरच्या रेडियमच्या रंगाचाही विचार त्यात होता.

अमेरिकेतही अणुचाचण्यांतल्या सैनिकांसाठी १९८८ च्या कायद्याने ठरावीक कर्करोगांची यादी केली. त्या यादीतला रोग आणि तिथली हजेरी, एवढं पुरे.

सोल्डरदास

इथे माझा आक्षेप. हजेरी म्हणजे मात्रा नव्हे. ऑफिसात कारकुनी करणारा आणि क्लायस्ट्रॉनला मिठी मारणारा एकाच यादीत कसे? तसाही तीन-चार माणसांत एकाला आयुष्यात कर्करोग होतोच, बऱ्याच देशांत. मग सगळे रडारच्या नावावर?

विद्युतलता

आक्षेप तर्काने बरोबर, पण ओझं कुणावर टाकता? वही ठेवायची जबाबदारी मालकाची होती. त्याने ठेवली नाही, आणि आता कोऱ्या वहीचा फायदाही त्यालाच? आणि जर्मन शिफारशीत कारकून नव्हता, यंत्रावर काम करणारेच होते.

१९६६ चं स्पेनमधलं पालोमारेस बघा. अमेरिकी बाँबफेकी विमान इंधनवाहू विमानावर आदळलं, दोन हायड्रोजन बाँबमधली साधी स्फोटकं फुटली आणि प्लुटोनियमची धूळ शेतांत पसरली. ती माती सैनिकांनी फावड्याने पिंपांत भरली. प्लुटोनियम म्हणजे अल्फा, बॅजला दिसत नाही, मोजणी लघवीतूनच. नमुने तिथेच, त्याच धुळीत घेतले गेले. आकडे मोठे आले, तेव्हा 'नमुना दूषित असावा' म्हणून बरेचसे बाजूला ठेवले. त्या सैनिकांना यादीत जागा मिळाली ती २०२२ च्या कायद्याने. छप्पन्न वर्षांनी.

सोल्डरदास

पालोमारेसबद्दल गप्प. कारकुनाबद्दल अजूनही बोलेन.

हिशेबी_हत्ती

बोला, पण आधी हे ठरवा की कारकुनाचं टेबल कुठे होतं. मॉड्युलेटरच्या कपाटाची मागची भिंत ही पुष्कळदा दुसऱ्या खोलीची पुढची भिंत असते.

मोजपट्टी

बरंच मिळालं. एकच राहिलं. नवीन रडार आता सॉलिड स्टेट आहेत, म्हणजे नळ्यांऐवजी ट्रान्झिस्टरचे शेकडो छोटे मॉड्यूल. त्यांत एक्स-रेचा प्रश्न संपला का?

विद्युतलता

मॉड्यूलपुरता संपला. गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरला तीस-पन्नास व्होल्ट लागतात, त्यातून एक्स-रे निघत नाहीत. मायक्रोवेव्हचा झोत आहे तसाच आहे, आणि आता तो इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळतो, म्हणजे अँटेना हलताना दिसत नाही आणि झोत कुठे आहे ते डोळ्याला कळत नाही. जुन्या नळीवाल्या रडारचे सुटे भाग मात्र अजून वर्कशॉपांत आहेत. त्यांतल्या काही नळ्यांच्या आत वायू चटकन पेटावा म्हणून किंचित किरणोत्सारी द्रव्य घातलेलं असतं. भंगारात टाकताना फोडू नका, लेबल वाचा.

आगाऊ_मुंगी

आणि लेबल खरवडलेलं असेल तर?

तांबडा_टंगस्टन

तर नळी किरणोत्सारीच आहे असं धरायचं. पिशवी, चिठ्ठी, वेगळं कपाट.